फोटोतली सहावी बाई

११ जानेवारी, रवि.

न.ताईंकडे मीटिंग. नलिनीताई अध्यक्ष झाल्यापासून मीटिंग म्हणजे त्या बोलणार आणि मी लिहिणार. चिटणीसपद हौसेने घेतलं, आता भोगते आहे. मंडळाचं पुस्तक पंधरा ऑगस्टला काढायचंच, असं ठरलं. जुनी पत्रं, नाटकांचे फोटो, आठवणींची फाइल, आणि मुख्य म्हणजे झेंडा. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी इथे, परमुलखात, मराठी बायकांनी हाताने शिवलेला. मुखपृष्ठावर झेंडा, पहिल्या पानावर त्या बायकांचा फोटो.

फोटोत बायका सहा, खाली नावं पाच. सहावी अगदी कडेला. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात कात्री.

न.ताई म्हणाल्या, "कोणाकडे कामाला असेल. 'व इतर' लिहून टाक." झेंडा धरून मधोमध उभ्या आहेत त्या त्यांच्या सासूबाई. मी 'व इतर' लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं, एवढंच.

१३ जाने., मंगळ.

ऑफिस सुटल्यावर वन-नॉर्थहून थेट जुरोंग ईस्ट. इराचा चष्मा आणायचा होता. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, विमलमावशी भेटल्या, लेकीबरोबर, सुनंदाबरोबर. अठ्ठ्याऐंशी वय, पण बिनदुधाचा चहा स्वतः काउंटरवरून आणला. मंडळात इतकं जुनं दुसरं कोणी उरलेलं नाही. काका गेल्यापासून येत नाहीत. (खरं लिहायचं तर कोणी बोलवत नाही.)

सहज मोबाइलवर फोटो दाखवला. "मावशी, ही कडेची कोण हो?"

मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "झेंडा शिवला कोणी, ते विचारलंस का मंडळाला?"

"कोणी?"

"हिने. बाकीच्या फोटोला आल्या."

आधी मधोमध चरखा काढला होता म्हणे. झाला पुरा आणि मग बातमी आली, चरखा नाही, चक्र. रडत रडत सगळा उसवला आणि त्याच जागी चक्र भरलं. मी म्हटलं, तुम्ही ओळखता हिला? "मी नाही ओळखणार तर कोण!"

तिथेच नाव विचारायचं. एक प्रश्न. पण इरा बाही ओढत होती, "आई, द शॉप इज क्लोजिंग ला!" आणि मला सगळं नीट हवं होतं. चांगली खुर्ची, शेजारी झेंडा, समोर बायका, रेकॉर्डिंग. म्हटलं, "रविवारी हळदीकुंकवाला या. सगळ्यांसमोर सांगा."

"मी? हळदीकुंकवाला?"

"मावशी, कोणत्या काळात आहात! या हो."

सुनंदाने आईकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "बरं. येते." घरी येताना मी स्वतःवर खूश. काय सुधारलेली बाई मी.

१८ जाने., रवि.

लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहून टाकते.

आमच्या कॉन्डोचा हॉल भरला होता. मावशी आल्या, क्रीम रंगाची रेशमी साडी, वेणी नीट घातलेली. त्यांना पहिल्या रांगेत, झेंड्यासमोर बसवलं, खुर्चीच्या हातावर माझा मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. मग न.ताईंनी खुणावलं, आधी कुंकू उरकून घे. ताट माझ्या हातात आलं. एकेकीला लावत आले. मावशींपाशी पोचले आणि हात थांबला.

ठरवून नाही. कोणी डोळे वटारले नव्हते, कोणाचं लक्षही नव्हतं. त्यांना तिळगूळ दिला, वाणाचा डबा दिला, आणि पुढे सरकून शेजारच्या देशपांडेंच्या कपाळाला बोट लावलं.

मावशी मांडीवरच्या डब्याकडे बघत होत्या. दहा मिनिटांनी उठल्या. "सुनंदा खाली आली असेल." झेंड्याचं काही बोलल्या नाहीत. तिळगूळ नेला. डबा खुर्चीवर तसाच.

मीच बोलावलं होतं. मीच.

१९ जाने., सोम.

फोन केला. "मावशी, काल गडबडीत राहूनच गेलं..."

"काय राहिलं?"

सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. म्हटलं, "रेकॉर्डिंग."

"हां, ते होय. बघू कधीतरी."

८ फेब्रु., रवि.

झेंड्याच्या पेटीतल्या डांबरगोळ्या बदलायला उघडली. पेटी चिटणिसाकडे असते. झेंडा खिडकीशी उजेडात धरला आणि धरूनच राहिले. निळ्या चक्राच्या आऱ्यांमधून बारीक बारीक भोकं. टाके उसवल्याची. एक मोठं चाक, एक लहान, खाली आडवी पट्टी. चरखा. इतकी वर्षं दर पंधरा ऑगस्टला आम्ही हा झेंडा टेबलावर मांडतो, गाणी म्हणतो, फोटो काढतो. कोणी उजेडात धरला नव्हता.

नवऱ्याला, शेखरला, बोलावलं. त्याने जहाजाचं इंजिन तपासावं तसा टॉर्च लावून तपासला. "हे एवढं उसवून कापड फाटू दिलं नाही? बाई माझ्या वेल्डरपेक्षा धीराची होती."

न.ताईंना फोन. "कसर लागली असेल गं. जुनं कापड."

शेखर म्हणाला, "मग मावशींकडेच जा ना. अर्ध्या तासावर तर राहतात."

"जाते या आठवड्यात."

१ मार्च, रवि.

गेले नाही. ऑफिसात ऑडिट होतं. ऑडिट शुक्रवारीच संपलं.

१९ मार्च, गुरु. पाडवा

श्रीखंड केलं. मावशींना डबा पाठवला, शेखरच्या हाती. तो म्हणाला, "चल की तूपण." माझं डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं, पण इतकं नाही. परत येऊन सांगतो, मावशींनी विचारलं, ती नाही आली? तो म्हणाला, काम आहे. मावशी म्हणाल्या, बरं.

काय म्हणून जायचं, हेच कळत नाही. माफी मागायला गेले तर ते आधी मोठ्याने बोलावं लागणार, की मी तुम्हाला ओलांडून गेले. नाव विचारायला गेले तर कामापुरती आले असं वाटणार. दोन्ही खरंच आहे. पुढच्या रविवारी नक्की.

११ एप्रिल, शनि.

सुनंदाचा फोन. मावशींना अर्धांगाचा झटका. आठवडा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "तुला कळवायचं राहिलं," म्हणाली. रडता रडता पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

मी बरं बरं म्हणत राहिले. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला? नाव राहिलं. शी. काय बाई आहे मी.

२६ एप्रिल, रवि.

नर्सिंग होममध्ये गेले. खिडकीपाशी पलंग. केस कोणीतरी कापून टाकलेत, पोरासारखे. मावशींनी मला ओळखलं. डावा हात जरा उचलला.

बोलणार काय? फोटोची मोठी प्रिंट नेली होती, ती समोर धरली. मावशींनी डावं बोट अंदाजाने फिरवत फिरवत कडेच्या बाईवर आणून ठेवलं.

"आई."

एवढा एकच शब्द उरलाय, सुनंदा म्हणाली. तहान लागली तरी आई, दुखलं तरी आई. पण हा तसा नव्हता. बोट हलवलं नाही त्यांनी.

"मावशी, ही तुमची आई?"

"आई."

"नाव काय आईचं?"

"आई." मग पुन्हा, जरा चिडून, "आई!" मला समजत कसं नाही अशा नजरेने बघत होत्या. चार वेळा विचारलं. पाचव्यांदा सुनंदाने माझा हात धरला.

बाहेर येऊन म्हणाली, "मला नाही माहीत गं. माझ्या जन्माआधीच गेली आजी. घरात सगळे आजीच म्हणायचे. आजोबा बंदरात कामाला होते, लढाईत गेले, मग आजीने शिवणकामावर आईला वाढवलं, एवढं माहीत आहे." कागद? मावशींचा जन्म कोकणातला, दाखला कधी नव्हताच. नंतर केलेल्या शपथपत्रात बापाचं नाव आहे, आईचा रकानाच नाही.

कोणाकडे कामाला असेल, म्हणे. आणि मी त्याच बाईच्या लेकीला हॉलमध्ये, त्याच झेंड्यासमोर.

९ मे, शनि.

जानेवारीचं रेकॉर्डिंग आज ऐकलं. इतके दिवस ऐकलं नाही कारण त्यात काही नाही असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यात मी आहे हे माहीत होतं.

आधी बांगड्या, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कोणीतरी "एसी कमी करा गं". मग मावशी. शेजारच्या देशपांडेंशी बोलतायत, अगदी मोकळा, खुशीतला आवाज. "ती कडेची ना, ती माझी आई. मला दहावं वर्ष होतं. तिला सुईत दोरा ओवून द्यायचे मी. चरखा उसवला तेव्हा म्हणाली, दोरा फेकू नको, चक्राला पुरवू. तिचं नाव..."

आणि माझा आवाज. मागून, मोठ्याने, लाडाने. "मावशी, एक मिनिट हं, आधी कुंकू होऊन जाऊ दे!"

मग बांगड्या. मग थोडा वेळ काहीच नाही. तिथेच हात थांबला असणार. मग पुन्हा मी, देशपांडेंना, "या, जरा वाका." आणि मावशी, हळू, कोणालाच उद्देशून नाही, "राहू दे."

तीनदा ऐकलं. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा नाही.

देशपांडेंना फोन केला. त्यांना आठवत नाही. "तुझं ताट आलं ना मध्ये," म्हणाल्या. त्या बिचाऱ्या सहज बोलल्या.

६ जून, शनि.

न.ताईंकडे गेले, झेंडा घेऊन. त्यांच्याच खिडकीशी धरला. मग रेकॉर्डिंग ऐकवलं, सगळं, माझ्या आवाजासकट. वाटलं होतं भांडतील. झेंडा जवळ ओढून भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सासूबाई नेहमी 'आम्ही शिवला' म्हणायच्या. 'मी' कधी म्हणाल्या नाहीत. मला वाटायचं, मोठेपणा."

चहा झाला. मग पुन्हा अध्यक्ष झाल्या. "पण नाव नाही ना आपल्याकडे. 'विमलताईंच्या मातोश्री' लिही. शोभतं."

शोभतं. पण मावशी त्या दिवशी नाव सांगायला निघाल्या होत्या, मातोश्री नाही.

येऊन आठवणींची फाइल काढली. मंडळ आठवणी कधी गोळा करतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सगळ्या एकत्र असतात, सोयीचं पडतं. पहिल्यापासून हीच पद्धत. पानं उलटत गेले. एकही बाई अशी नाही की जिचा नवरा तेव्हा हयात नव्हता. ज्या सगळ्यांत जास्त जगल्या, सगळ्यांत जास्त बघितलं, त्यांना कोणी विचारलंच नाही. कोणी मुद्दाम वगळलं नाही. बोलावणंच गेलं नाही त्यांना, म्हणून आठवणी आल्या नाहीत. शेवटच्या नऊ वर्षांचं अक्षर माझं आहे.

इराने विचारलं, "व्हाय यू क्राय?" सांगितलं. ती म्हणाली, "बट आई, यू कुड हॅव जस्ट आस्क्ड हर ला. दॅट डे. आय वॉज देअर."

हो.

२५ जून, गुरु.

उद्या फाइल प्रेसला जायची. अर्धी रजा टाकून दुपारी मावशींकडे गेले. एकटीच. मोबाइल बॅगेत, बंद. बॅगेत फोटोची प्रिंट आणि माझा करंडा.

मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. मी पलंगाच्या कडेला बसले आणि बोलून टाकलं. "मावशी, संक्रांतीला मी तुम्हाला ओलांडून गेले. चुकले. तुम्ही नाव सांगत होता आणि मी मध्ये बोलले. तेही चुकले." पाच महिने जे जमलं नाही ते बोलायला अर्धं मिनिट लागलं. करंडा उघडून समोर धरला. "लावू?"

त्यांनी कपाळ पुढे केलं नाही. मी बोट बुडवणार, तेवढ्यात त्यांनीच डावा हात उचलला. करंड्याची कड दोनदा चुकली. मग बोट कुंकवात बुडालं. मला वाटलं, स्वतःला लावतायत.

फोटोवर लावलं. कडेच्या बाईच्या कपाळावर. दाबून, नीट, मधोमध. चेहरा बोटाएवढाही नाही, त्यामुळे कुंकू भुवयांवर, डोळ्यांवर आलं.

"आई," म्हणाल्या.

मी रडले. त्या नाही रडल्या. उरलेलं कुंकू त्यांनी चादरीला पुसलं आणि खिडकीकडे तोंड केलं. मला माफ केलं का, कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि विचारलं असतं तरी एकच शब्द आला असता.

आता घरी. टेबलावर दोन फोटो आहेत, एक स्वच्छ, एक हा. न.ताईंचा मेसेज येऊन पडलाय, "फायनल झालं का?" उत्तर दिलेलं नाही. कोणता फोटो पाठवायचा तेही ठरत नाही. खाली पाच नावं टाइप केली, स्वल्पविराम दिला, पुढची जागा सोडली.

मूळ कागदावरचं 'व इतर' खोडून काढलं. पेन्सिलच होती. पण कागद उजेडात धरला की वाचता येतं.