काळी फीत कोणी काढायची

दिली शहर, ११ एप्रिल २०१०

चि. सेझारियो यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, फोनवर तुझ्याशी भांडायला लागलं की सगळी आळी कान टवकारते, आणि मला तर मनसोक्त भांडायचं आहे. शेजारच्या सांतिनाचा नवरा आयर्लंडला परत निघाला आहे, त्याच्या हाती हे देते.

आम्ही बरे आहोत. माझं शिवणयंत्र सकाळपासून चालू असतं, शाळांच्या गणवेशांचे दिवस आहेत. तू म्हणे तिथल्या कारखान्यात दिवसभर कोंबड्या कापतोस. इथे असताना एक कोंबडी धरायला सांगितली तर खुराड्यामागे लपायचास, ते आठवून मी आणि सांतिना पोट धरून हसलो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. शुक्रवारी माझा जोविटो भुवई फुटून घरी आला. तीन टाके पडले. पाण्याच्या टाकीच्या वळणावर विंचूवाल्या टोळीच्या पोरांनी अडवलं आणि कोणाचा म्हणून विचारलं. हा म्हणाला, कोणाचाच नाही. ते हसले म्हणे. घराच्या भिंतीवर एवढी मोठी घार आणि पोरगा म्हणतो कोणाचाच नाही! मग मारलं.

ती घार कोणी रंगवली ते तुला सांगायला नको. दंग्याच्या साली तू आणि तो अबिलियो, दोघांनी आपल्या आखाड्याची खूण म्हणून माझ्या पुढच्या भिंतीवर माणसाएवढी घार काढलीत, कोणी घर जाळू नये म्हणून. घर जळलं नाही, हे कबूल. पण तू विमानात बसलास आणि घार माझ्याकडे राहिली. मी तीनदा चुना मारला. पहिला पाऊस पडला की पंख पुन्हा वर येतात.

जोविटो आता समुद्राच्या बाजूने दीड तास चालत शाळेत जातो. म्हणजे जातो असं मला सांगतो. अर्धे दिवस तो मोरीच्या कठड्यावर घारवाल्यांत बसलेला असतो, हे मला तीन बायकांनी सांगितलं आहे. मी रागावले तर भिंतीवरच्या घारीकडे बघतो.

वीस जूनला जोविटोच्या बापाला, मार्सालिनोला जाऊन वर्ष होईल. माझ्या आणि पोराच्या अंगावरचं सुतकाचं काळं त्या दिवशी उतरेल. पोराच्या सदऱ्यावरची फीत कोणाच्या हाताने निघायची ते तुला ठाऊक आहे. बापाचे भाऊ दहा असले तरी चालत नाहीत, पाद्रीबाबाही चालत नाहीत. आईच्या भावानेच काढायची, आणि जो काढेल त्याचा शब्द पोराने पुढे आयुष्यभर मानायचा. तेव्हा आजपासून सुट्टीच्या मागे लाग. ये, फीत काढ, पोराला समोर बसव आणि दोन गोष्टी सांग. माझं ऐकण्याच्या पलीकडे गेला आहे तो.

तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, या वेळी तो दिलीच्या विमानतळावर उतरलेला दिसावा.

तुझी ताई,
उंबेलिना


आयर्लंड, २ मे २०१०

ती. ताईस,

धाकट्या भावाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. कोंबड्यांचा भाग मित्रांना वाचून दाखवला, त्यांनी आठवडाभर माझं जगणं मुश्कील केलं.

ताई, जूनमध्ये सुट्टी नाही. मुकादमाला दोनदा विचारलं. तो म्हणतो, बहिणीच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, त्यात नवीन काय घडलं? यांना कसं समजावणार? गेलो तर परत घेतील याची खात्री नाही.

जोविटोचं ऐकून मात्र डोकं फिरलं. हल्लीची पोरं टोळीत का जातात, मला खरंच कळत नाही. देश स्वतंत्र आहे, शाळा आहे, आई राबते आहे, आणखी काय हवं यांना? आमच्या वेळी आखाड्यात आधी वाकून नमस्कार शिकवत, मग हात उचलायला. आम्ही आळी राखली. ही पोरं नुसता रुबाब करायला जातात. शिस्त नाही, दुसरं काही नाही. त्याला माझं हे वाचून दाखव.

फितीची काळजी करू नकोस. माझ्या जागी उभा राहायला मी एका खात्रीच्या माणसाला सांगतो आहे. माझ्या हाताचं पत्र घराण्यातल्या थोरल्या लेकीमाऊ आजोबांसमोर वाचलं जाईल, म्हणजे रीतीत कसर राहणार नाही. जोविटोसाठी एक गरम जॅकेट पाठवतो, बाहेरून आलेलं म्हणून मिरवील.

दुरून का होईना, माया कमी झालेली नाही, एवढं मनात असू दे.

तुझा,
सेझारियो


आयर्लंड, २ मे २०१०

प्रिय अबिलियो यास,

स. न. वि. वि. चार वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत म्हणून शिव्या देशील, दे. इथे हात गोठतात, हे कारण पुरेल का?

तुझ्याशी एक काम आहे. वीस जूनला माझ्या बहिणीकडे काळं उतरवायचं आहे. मला येता येत नाही. दंग्यात माझ्या पाठीला पाठ लावून उभा राहिलेला तू, तुझ्याहून जवळचं मला तिथे कोण आहे? माझ्या भाच्याची फीत तू माझ्या जागी उभा राहून काढ. सोबतच्या कागदावर तसं सही करून लिहिलं आहे, तो आजोबांना दे.

आपल्या आखाड्याला आता मरगळ आली असेल. आपलीही पोटं सुटली. पण पोरगा भलत्या संगतीत चालला आहे असं कळतं. तू जरा त्याला जवळ घे. तुझं तो ऐकेल.

मैत्री आहे तशी राहो.

तुझा,
सेझारियो


दिली, २२ जून २०१०

सेझारियो,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, उरले तर.

परवा चर्चमध्ये मिस्सा झाली, कबरीवर फुलं वाहून सगळे घरी आले. चटई घातली. गावाकडून लेकीमाऊ आजोबा आले होते. आपल्या घराण्याचा शब्द त्यांच्या तोंडी, तेव्हा त्यांनी तुझा कागद मागितला आणि मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतला. मी मांसाच्या पातेल्याशी उभी होते. अबिलियोचं नाव ऐकलं आणि हातातला डाव पातेल्यात पडला.

तुझा खात्रीचा माणूस इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला, मागे चौदा पोरं. तुझी मरगळ आलेली घार आज टाकीपासून नदीपर्यंत दोनशे पोरांची आहे आणि अबिलियो तिचा म्होरक्या आहे. आळीतल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक आहे. तुला नव्हतं, कारण चार वर्षांत तू विचारलं नाहीस, आणि मी कधी त्याचं नाव जिभेवर घेतलं नाही.

त्याने फीत फार हळुवार काढली, ते मी नाकारत नाही. टोपलीत ठेवली. मग पोराच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला की आजपासून या मुलाच्या मामाच्या जागी मी. सगळे आमेन म्हणाले. मी काय बोलणार होते? कागद तुझा, अक्षर तुझं, सही तुझी. त्याने खिशातून आखाड्याचा काळा रुमाल काढला आणि तिथल्या तिथे जोविटोच्या गळ्यात बांधला. वर्षभर मी ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी माझ्या पोराच्या अंगावरचं एक काळं गेलं आणि दुसरं आलं.

पोरं टोळीत का जातात, तुला कळत नव्हतं ना? मामा पत्र लिहून पाठवतो म्हणून जातात! घे तुझं उत्तर.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याची आखाड्याची शपथ आहे. कोंबडा कापतील, दंडावर तीन वार करतील. त्यानंतर घारीतून बाहेर यायची वाट कोणती असते, हे तुझ्या दंडावरच्या तीन वारांना विचार.

लोभाचं काही लिहीत नाही.

उंबेलिना


दिली, ५ जुलै २०१०

ती. मामांस,

कृ. सा. न. वि. वि. आईने तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. शिस्तीचा भाग दोनदा वाचला. तुम्हाला कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून कळवतो.

बाबा गेले तेव्हा कबरस्तानातली जमीन दगडासारखी होती. पहाटेपासून दुपारपर्यंत चौदा जणांनी पहारी मारल्या. त्यांच्या हातांना फोड आले. अबिलियोमामा स्वतः खड्ड्यात उतरले होते. शवपेटी त्यांनी खांद्यावर नेली आणि नऊ दिवस आमच्या दारात बसले. तुमचा फोन तिसऱ्या दिवशी आला, कट झाला, परत आला नाही. मामा, तुम्ही त्यांना टोळी म्हणता. मला ती आलेली माणसं वाटतात.

दुसरं, रस्त्यात मला दिवसातून पाच वेळा विचारतात, कोणाचा? तुमच्या आयर्लंडमध्ये विचारत नसतील. कोणाचाच नाही म्हटलं की घार आणि विंचू, दोघांकडून मार पडतो. आता उत्तर आहे, आणि बरोबर चार जण चालतात. शाळा पुन्हा वीस मिनिटांवर आली. रुमाल बांधल्यापासून माझा एकही तास बुडालेला नाही. हे आईला सांगितलं तर ती आणखी चिडते.

जॅकेट परत पाठवतो आहे. ते लाल आहे. लाल विंचूंचं. तुम्ही हेसुद्धा विसरलात.

एक गोष्ट तुम्हालाच लिहितो, आईला कळवू नका. शपथ झाली की पहिलं काम देतात. माझी भुवई फोडली तो मुलगा मला दिला आहे. त्याचं काय करायचं ते मला सांगितलं आहे. गणिताच्या तासाला तो माझ्यापुढे बसतो. त्याला कोन मोजता येत नाहीत, मग मागे वळून माझी वही बघतो. मी दाखवतो.

तुम्हाला तुमचं पहिलं काम काय दिलं होतं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

वडीलधारे लहानांवर ठेवतात तेवढा लोभ ठेवावा, ही विनंती.

आपला भाचा,
जोविटो


आयर्लंड, २४ जुलै २०१०

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जोविटोचं पत्र आलं. त्याने तुला कळवू नको म्हटलं आहे, तरी त्याचं पत्र यासोबत ठेवतो. तू वाच.

मी अबिलियोला फोन केला. पाया पडतो म्हणालो. तो हसला. म्हणाला, पत्राने दिलेली जागा फोनवर परत मागतोस होय? समोर उभा राहून माग. वर म्हणाला की पोराला जवळ घे असं तूच लिहिलंस, मी घेतलं.

मी स्वतः आखाड्यात का गेलो ते विसरलो नव्हतो, ताई. विसरल्यासारखं केलं. मलाही कोणी नव्हतं. स्वातंत्र्याच्या लढ्यात बाबा डोंगरात होते, तू निर्वासितांच्या छावणीत. आखाड्यातल्या एका माणसाने उकडलेला टॅपिओकाचा कंद दिला आणि माझ्या शेजारी झोपला, म्हणून मी गेलो. शिस्तीबिस्तीसाठी नाही. माझं पहिलं काम काय होतं ते मी कुणालाही सांगू शकत नाही. इथे रोज सकाळी कोंबड्या टांगतो तेव्हा ते आठवतं.

मुकादम म्हणतो, सप्टेंबरच्या मध्यावर सुट्टी नक्की. तोवर पोराला कसंही करून थोपव. मी येतोच.

माझ्यावर रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझा,
सेझारियो


दिली, ९ ऑगस्ट २०१०

कै. सेझारियो यास,

दचकू नकोस, बरोबर वाचलंस. गेल्या मंगळवारी तू वारलास.

शपथ ऑगस्टात आणि तू येणार सप्टेंबरात! तुझं पत्र वाचलं, पोराचंही वाचलं, आणि तसाच हात कपाटात घालून टोपली काढली. वर्षभर लावलेल्या फिती तिच्यात होत्या. अंगावर काळं असलेल्या माणसाला कोंबडा कापता येत नाही, शपथ घेता येत नाही, हे घारीतही पाळतात. पण काळं घालायला घरात मरण लागतं. मरायला माझ्याकडे तूच होतास.

मी आळीत सांगितलं, माझा भाऊ गेला. टेबलावर तुझा तो मिशीवाला फोटो ठेवला, मेणबत्त्या लावल्या. सांतिना दोन दिवस रडली. तू किती सज्जन होतास हे मला प्रथमच कळलं.

लेकीमाऊ आजोबा आले. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांना सगळं उमगलं होतं, पण म्हातारा पक्का आहे. त्यांनी सगळ्यांदेखत निवाडा दिला की मेलेल्या माणसाने दुसऱ्याला दिलेली जागा त्याच्याबरोबर जाते, आणि नवी फीत आता खऱ्या मामाशिवाय कोणी काढायची नाही. मामाच नाही, तर वर्षभर ती तशीच राहील.

अबिलियो धावत आला. सेझारियो जिवंत आहे, मी त्याच्याशी फोनवर बोललो, असं ओरडून सांगू लागला. मी विचारलं, जिवंत आहे? मग या घरात बाप मेला तेव्हा कुठे होता, काळं उतरलं तेव्हा कुठे होता? दाखव मला. जाताना त्याने फोटोसमोर मेणबत्ती लावली, ते का केलं मला माहीत नाही.

पोराच्या मानेवर सुरी ठेवून मी फीत घालू शकत नव्हते, हे तूही जाणतोस. तू जिवंत आहेस हे त्यालाही माहीत आहे. त्याने मला खोटं पाडलं असतं तर एका शब्दात सगळं संपलं असतं. मी त्याचे सगळे सदरे यंत्राखाली घेतले. टाचणी लावली नाही, फीत शिवत होते. तो दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, आता गळ्यातला रुमाल दाखवून हसेल. जवळ आला, एक सदरा उचलून फीत ओढून पाहिली आणि म्हणाला, आई, घट्ट शिव.

सेझारियो, एवढंच म्हणाला. मी यंत्रावर डोकं टेकून रडले.

आता तो पुन्हा समुद्राच्या बाजूने दीड तास चालतो. वळणावर कोणाचा म्हणून विचारलं तर सदऱ्यावरची फीत दाखवतो. सुतकातल्या पोराला अजून तरी कोणी हात लावलेला नाही. अजून तरी. दोनशे पोरांपुढे माझी ही वीतभर कापडाची पट्टी किती दिवस पुरेल, मला सांगता येत नाही. अबिलियो कधी उलटेल, तेही नाही.

हे पत्र आज विमानाने निघालेल्या मुलीच्या हाती देते आहे. मुकादमाला सांग की तू मेला आहेस, मेलेल्याला सुट्टी नाकारत नाहीत. भिंतीवरची घारही तुझ्याच हाताने खरवडायची आहे, येताना खरवडायचा पत्रा घेऊन ये. इथे आळीत, आजोबांसमोर, अबिलियोसमोर, त्या पोरासमोर उभा राहा आणि मला खोटी ठरव.

तू येईपर्यंत रोज तुझ्या नावाने मेणबत्ती लावते आहे. ती विझवायला तरी ये.

तुझी ताई,
उंबेलिना