आठवी जागा

डिंडोली, सुरत
९ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञास आजीचा जय भीम.

इकडे सगळं ठीक, तिकडेही ठीक असेल, असं लिहायची रीत आहे म्हणून शेजारची रंजना तसं लिहिते आहे. ठीक काही नाही. मी रागात आहे.

फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो आजी, हो आजी" करतेस आणि तुझ्या कुकरची शिट्टी झाली की ठेवून देतेस. कागदाला शिट्टी ऐकू येत नाही. रंजनाला बजावून ठेवलंय, मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही. दहावी झालेल्या बाईला पदरचं घालायची फार हौस असते.

रविवारी तू आणि राकेश जोडीने आलात. कामरेजहून तुझा बापही आला. मला वाटलं, म्हातारीची आठवण झाली. मी शेवभाजी केली. तर तुम्ही पिशवीतून टेप काढलीत! एक टोक धरून राकेश माझ्या खाटेपाशी, दुसरं धरून तू मोरीपाशी, आणि मधे मी. मला म्हणालीस, "आजी, जरा सरक गं." तुझ्या आजोबांनी मिलच्या धुराळ्यात छाती खराब करून ही खोली घेतली, आणि तिच्यात मी सरकायचं.

मग ठरलं. तू सेंटरातली पोरं सांभाळायची नोकरी सोडणार. इथे पाळणाघर काढणार. कपाट कामरेजला तुझ्या बापाच्या घरी जाणार, माझी खाट गॅलरीत जाणार, भिंतीवर हत्ती येणार. आणि मी कुठे जाणार, ते कोणी टेपने मोजलं नाही. राकेशने तेवढं विचारलं, आठ पोरं एकटी कशी सांभाळशील? त्यावर तुझा बाप काय म्हणाला? "आई आहेच ना घरी. तिला दुसरं काय काम?"

लोकेशचं मला काही वाटलं नाही. तो लहान होता तेव्हाही ताटात वाढलेलं आपोआप आलं असं समजायचा. पण तू मान हलवलीस, प्रज्ञे. ती मान मला लागली.

वर पाटीही करून आणलीत. दाराआड उभी करून गेलात, म्हातारीला कुठे वाचता येतं म्हणून. रंजनाने वाचली. गुजरातीत लिहिलंय, 'दादीमानुं घर'. मी कधीपासून गं दादीमा झाले? आणि चित्रातली ती बाई कोण? गोरी, गोबरी, नाकावर चष्मा, हातात लोकरीचा गुंडा. सुरतेच्या उकाड्यात लोकर! तिलाच बोलाव पोरं सांभाळायला. माझं नाव न विचारता लावलंस, तोंड तरी माझं लावायचंस.

आता म्हणशील, आजीला माझं सुख बघवत नाही. तसं नाही, माय. तुझं सेंटर मी बघितलं आहे. तिकडे पर्वत पाटिया भागात डबा द्यायला आले होते त्या दिवशी. चकचकीत फरशी, गार हवा, कोपऱ्यात कॅमेरा. एक पोरगी दाराशी बसून आईसाठी रडत होती, नाकातोंडाचं पाणी एक झालेलं. तू तिच्यापुढे उभी होतीस, हात पाठीमागे धरून. मी म्हटलं, उचल की! तर काचेआडून तुझी मॅडम बोलली, "प्रज्ञाबेन, गोद में नहीं, आदत लग जाएगी." तुझे ते पाठीमागचे हात मी अजून विसरले नाही. डबा ठेवला आणि निघाले. थांबले असते तर त्या बाईला आपल्या अहिराणीत चार शब्द ऐकवले असते आणि तुझी नोकरी तिथेच गेली असती.

तेव्हा सेंटर का सोडावंसं वाटतं, ते मला कळतं. पण घरातलं तुला काय कळतं? सेंटरात पोर पडलं तर मॅडमला विचारतात. घरात पडलं तर गल्ली विचारते. सेंटरचं दार संध्याकाळी बंद होतं. घराचं होतं का? या गल्लीतल्या बाया साडीखात्यात जातात. शेठने एक गठ्ठा जास्त टाकला की त्यांना उशीर. तुझ्या हातात जेवणाचा घास, आणि कडेवर दुसऱ्याचं पोर, "बस आली नाही गं ताई" ऐकायचं. आपली माणसं म्हणून बोलताही येत नाही. मी हे सगळं आयुष्यभर केलं आहे. कोणी त्याला काम म्हटलं नाही, कारण माझ्याकडे पाटी नव्हती.

रंजनाने पेन थांबवलं आहे. म्हणते, "मावशी, पायाचं सांगा." तुला कोणी विचारलं गं? लिही पुढे.

मोजे. रविवारी तू विचारलंस, "आजी, घरात मोजे कशाला?" मी म्हटलं, डास चावतात. तू लगेच डासांची अगरबत्ती लावलीस आणि परत टेप धरलीस. मला वाटलं होतं, तू एकदा तरी वाकून बघशील. तू बघितलं नाहीस. आणि मी दाखवलं नाही. मना पाय, तुमले काय?

रंजना अजून लिहीत नाहीये. बरं बाई. लिही.

छताच्या कडीला झोळी टांगलेली आहे ना, तुझ्याच वेळची. तिची दोरी मी पायाच्या अंगठ्याला बांधायचे आणि हाताने मेथी निवडायचे, साड्यांना टिकल्या चिकटवायचे. तुझ्या बापाला, तुला, अर्ध्या गल्लीला असंच झोपवलं. बघावं लागायचं नाही. पोर झोपलं की दोरी जड यायची. जागं झालं की तिला वेगळीच ओढ यायची. पाय आधी उठायचा, मी मागून.

गेल्या महिन्यात रंजना धागे कापलेल्या साड्या शेठकडे पोचवायला गेली होती. तिचा शुभम झोळीत. मी झोके देत बसले. ती आली आणि दारातच ओरडली, "मावशी, रक्त!" मी म्हटलं, माय वं, पोराले काय व्हयनं? झोळीत बघितलं तर तो खुशाल झोपलेला. फरशी ओली होती. मला वाटत होतं, माठ गळतोय. दोरी अंगठ्यात रुतली होती, आत मांसापर्यंत, आणि मी हलवतच होते. मला काही कळलं नाही, प्रज्ञे. काहीच कळलं नाही.

डॉक्टर म्हणतो, साखरेने पायातली जाणीव गेली. जखम अजून ओली आहे. एक दिवसाआड रंजना हाताला धरून पट्टी करायला नेते. अंगठा राहील की जाईल, ते तो बोलत नाही, नुसता "जोईए", बघू, म्हणतो. लोकेशला मी सांगितलं नाही. तोही टेप घेऊन येईल आणि मला कामरेजला कोणत्या कोपऱ्यात बसवायचं ते मोजेल.

अंगठ्याचा राग नाही मला. राग याचा की ज्या पायाला पोराचं सगळं कळायचं, त्याला आता माझंच कळत नाही. आणि तुम्ही सगळे त्याच पायावर दुकान टाकायला निघालात.

तर ऐक. सेंटरात राहायचं की घरी काढायचं, तुझं तू ठरव. माझी कीव येऊन इकडे येऊ नकोस, आणि माझ्या भरवशावर तर मुळीच येऊ नकोस. यायचंच असेल तर खोली दिली. पण रंजनाला सोबतीला घे, पगार देऊन घे, गोड बोलून नाही. अंधार पडायच्या आत दार लावायचं, हे आयांना पहिल्या दिवशी तोंडावर सांग. झोळी खाली काढ, पोरं गोधडीवर झोपव. पाटीवरच्या त्या गोबरीला पुसून टाक. माझी खाट गॅलरीत जाणार नाही. मी आतच बसेन, ओरडेन, गोष्टी सांगेन. पोर उचलणार नाही.

आणि आठ पोरं घेईन म्हणालीस ना? सात घे. आठवी जागा भरली आहे. तिला दात नाहीत, दुपारी झोपत नाही, पट्टी बदलताना शिव्या देते. तिला संध्याकाळी घरी न्यायला कोणी येणार नाही.

तिला उचलून घ्यायचं, की सवय लागेल म्हणून रडू द्यायचं, ते कळव.

दाराशी बसलेली,
तुझी आजी
मीराबाई