चिऊला कुणी विचारलं नव्हतं

४ फेब्रुवारी

चि. ताईस आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दिवसभर अतिदक्षता विभागात नर्सची ड्यूटी आणि संध्याकाळी जैवनीतीचा वर्ग, तेही पन्नाशीला टेकल्यावर! तू नक्की काय शिकतेस ते मला शेजारणीला सांगता येत नाही. डॉक्टरांनी काय करावं आणि काय करू नये, त्याचं शिक्षण, असं म्हणून मी सुटका करून घेते.

भाऊचं बरं नाही. डायालिसिसहून आला की जिन्यात मध्येच बसतो. त्याला किडनी द्यायची तर तुला साखर, माझं वय झालेलं. उरली चिऊ. तिच्या तपासण्या जुळल्या आणि घरात जीव आला. पण तेव्हापासून ती फोन उचलत नाही. शेंडेफळ ते, घाबरलं असेल. तुझं ती ऐकते. तिला समजाव, म्हणजे तुझी विद्या घरच्या कामी येईल.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आई

११ फेब्रुवारी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

आईने तुला समजवायला सांगितलंय. बसले तेव्हा तेच लिहिणार होते. भाऊ माझाही भाऊ आहे, आणि अशा माणसांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते.

मग लक्षात आलं, तुझं रक्त तपासलं, लघवी तपासली, पण तुला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी विचारते. तुला किडनी द्यायची आहे का?

आमच्या वर्गात डॉक्टर आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे, जंतूंवर संशोधन करणारी एक मुलगी आहे. मागच्या महिन्यात तिथे असाच विषय निघाला होता. दात्याच्या मनात नसेल तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की ह्यांची किडनी घेता येणार नाही. कारण सांगत नाहीत. मी तेव्हा तावातावाने म्हणाले होते, ही शुद्ध फसवणूक आहे. आज तेवढ्या जोरात म्हणवणार नाही.

तुझ्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना एकटी भेट. हो म्हणालीस तर रजा टाकून तुझ्या उशाशी येऊन बसेन. नाही म्हणालीस तरी तू माझी तीच चिऊ.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. रागावली असतीस तर बरं झालं असतं, रडत रडत हो म्हणून टाकलं असतं.

मला द्यायची नाही, ताई. भीती आहेच, पण भीती गेली तरी द्यावीशी वाटेल असं नाही. भाऊने मला सायकल शिकवली, माझ्या फिया भरल्या. हे सगळं आठवूनही आतून हो येत नाही. मी कशी आहे ते मला आता कळलं. ते फार वाईट आहे.

डॉक्टरीणबाईंना भेटून आले. त्यांनी कारण विचारलं नाही. पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी सांगते त्यांना."

तू माझ्यावर माया ठेवशील ना? हे मी उगाच विचारत नाही.
चिऊ

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं की चिऊची किडनी घेता येणार नाही. आईने कारण विचारलं. ज्याच्या तपासणीचं कारण त्याच्यापाशी, एवढंच त्या बोलल्या. आई चिऊला जवळ घेऊन रडली. मी चिऊकडे बघत होतो. तिने सुटकेचा श्वास सोडलेला मला दिसला.

ताई, मला भयंकर राग आला होता. बरेच दिवस तिच्याशी धड बोललो नाही. यंत्राला जोडलेला असताना माणसाला विचार करायला वेळ भरपूर. तिच्या जागी मी असतो तर, असं मनाशी धरून पाहिलं. उत्तर पटकन आलं नाही. अजून आलेलं नाही.

परवा ती माझ्यासोबत डायालिसिसला आली. काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी म्हणालो, "बाईंनी सांगितलं ते मी ऐकलंय. त्यापुढचं मला ऐकायचं नाही." मग ती माझ्या पायाशी बसून राहिली. परिचारिकेने दोनदा उठवलं, तरी तिथेच.

माझं नाव मरणोत्तर अवयवदानाच्या प्रतीक्षायादीत घातलंय. नंबर कधी लागेल, लागेल का, कुणी सांगत नाही.

तुला सगळं ठाऊक असणार. असो. आईला कळू देऊ नकोस. ती चिऊला रोज म्हणते, तुझ्या हातात नव्हतं गं बाळा. चिऊ मान खाली घालून ऐकते. माझं दुखणं वाटून घ्यायला घरभर माणसं आहेत, तिचं तिला एकटीलाच वाहायचंय. तेव्हा पत्रं तिला लिहीत जा. मला कमी लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ