पन्नास म्हणजे काय?

दि. ९ नोव्हेंबर

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. जाणार होतं, ते पुढे येईलच. माझे गुडघे होते तसेच कुरकुरतात. तुमची छत्री अजून दाराआड उभी आहे. मी ती हलवलेली नाही. मला दुसरी कामं आहेत.

काम असं. धक्क्यावरच्या घरातून बोटींशी बोलायचा रेडिओ तुम्ही गेल्यापासून मीच सांभाळते. टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढलेल्या बाईला तेवढं जमतं. उन्हाळ्यातल्या वादळात छतावरच्या ॲन्टेनाची केबल तुटली, म्हणून मी बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, पन्नास ओहमची देऊ की पंच्याहत्तरची?"

"जास्तीची द्या," मी म्हटलं. हसू नका. दुकानात उभं राहून कमी कोण मागतं? मेल्याने टीव्हीची बारीक पांढरी केबल बांधून दिली. वर विचारतो, "कनेक्टर नर हवा की मादी?" भर दुकानात! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर हे शब्द जीवशास्त्राच्या तासालासुद्धा पुटपुटत उच्चारायच्या. म्हटलं, "दोन्ही द्या, त्यांचं काय ते त्यांना ठरवू दे." अर्थात एकाचं दुसऱ्याशी जमेना, म्हणून मध्ये आणखी दोन जोड घातले. आपल्याकडे लग्नंही अशीच टिकवतात.

वायरमनने सगळं छतावर जोडलं आणि चिकटपट्टी गुंडाळली. आवाज बसका यायचा, पण यायचा. मला वाटलं, भागलं.

मंगळवारी तुमची बायको (अजून आहे ना? कागद तर कोणी फाडलेले नाहीत) आपल्या बोटीतून दीपगृहाच्या बेटावर सामान घेऊन निघाली. दुपारी धुकं असं उतरलं की मला समोरचा धक्का दिसेना. रेडिओत खरखर सुरू झाली. त्या खरखरीत तिचा आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा. "इंजिन बंद... खडक..." मग नुसती खरखर. मग एकच शब्द.

"पन्नास."

मी माईक धरून ओरडले, "पन्नास काय? मीटर? ओव्हर!"

"पन्नास... पन्नास..."

दुसरं काही कळेना. बंदरावर फोन लावला, सांगितलं, बोट खडकांपासून पन्नास मीटरवर आहे, पळा. ते पळाले. मी हेडफोन कानाला दाबून बसले. नंतर तोही शब्द येईना. जावईबापू, एक्स्चेंजात मी लोकांच्या मरणाच्या बातम्या जोडून दिल्या आहेत, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या.

नांगर धरला म्हणून बोट वाचली. ओढत आणली. पोरगी निथळत घरात आली, चहा घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "माझा आवाज पोचत होता?"

"पोचत होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वायरमनकडून छतावरचा जोड सोडवून घेतला. आतून पाणी आलं. तारांची जाळी हिरवी पडलेली. पट्टी वरून खाली गुंडाळली होती त्या शहाण्याने, उलटी कौलं घातल्यासारखी. खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी घरंगळून जातं, हे तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगायचात की मी ऐकणं सोडून दिलं होतं. मग दुकानदाराला धरलं. आता म्हणतो, "या रेडिओला पन्नासचीच लागते, मावशी. आणि छतापासून एवढं अंतर असेल तर जाडच घ्यायची, नाहीतर आवाज वाटेतच मरतो."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"तुम्हीच म्हणालात, जास्तीची द्या."

जाड काळी केबल आणली आहे. व्हरांड्यात वेटोळं घालून पडली आहे. वायरमन हात लावत नाही. म्हणतो, हिचा कनेक्टर शिसं वितळवून नीट डाखला नाही, जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला, तर गेलं सगळं. खरं बोलला, म्हणून त्याला चहा दिला.

सोमवारी ती परत निघते आहे. म्हटलं, थांब, रेडिओ होईपर्यंत. तर म्हणाली, "तूही त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस. बोट हवी की मी, असंच ते विचारायचे ना?" आणि दार आपटलं. तिला या पत्राचा पत्ता नाही. लागला तर माझी धडगत नाही.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. पण तिच्या बोटीवरचा मेकॅनिक काल सोमवारच्या फेरीचं भाडं विचारायला आला होता. मी सहज म्हटलं, पन्नास मीटर म्हणजे अगदी टेकलाच होतात की रे खडकांना.

"मीटर कुठले, मावशी? अंतर कोणाला दिसत होतं त्या धुक्यात? बोटीवर जावईसाहेबांनाच पन्नास म्हणतात. प्रत्येक बोटीची केबल तपासताना त्यांचं एकच, पन्नास म्हणजे पन्नास, तडजोड नाही. ताईंनीच ठेवलं ते नाव."

मी तिची आई. किनाऱ्यावर माईक धरून बसलेली मी होते, आणि तिला ते ठाऊक होतं. तरी हाक तुम्हाला मारली.

छत्री न्यायला म्हणून या. डाखायची इस्त्री तुमच्याच खणात आहे. सोमवारच्या आत या.

आपलं बोलून झालं की ओव्हर म्हणायचं आणि गप्प राहून ऐकायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. दोन्ही करायला मला फार जड जातं. तरी,

ओव्हर.

तुमची सासू