आठवं गाणं

५ नोव्हेंबर २००६, रविवार

जयंत खोटं बोलतोय.

श्रीरंग जाऊन सतरा दिवस झाले. साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला, आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी गेला. एकोणतीस वर्षांचा! आज पहिल्यांदाच आम्ही तिघं जयंतच्या गाझियाबादच्या फ्लॅटवर जमलो. त्याच्या मागच्या खोलीतच आमचं रेकॉर्डिंग चालतं. गिटारवर जयंत, ड्रम्सवर गुरप्रीत, बेस गिटारवर मी. माईकपुढे कोणीच नाही.

अल्बम पुरा करायचा, हे न बोलताच ठरलं. सात गाण्यांत श्रीरंगचा आवाज आहे. राहिलं आठवं, त्याचं सगळ्यात लाडकं. जयंत म्हणाला, “ते रेकॉर्डच झालं नव्हतं. मी गाईन.”

पण मी खोलीत शिरले तेव्हा त्याने घाईघाईने स्क्रीन का बंद केला?

७ नोव्हेंबर

ऑफिसात एकच पत्र तीनदा टाइप केलं. स्क्रीन का बंद केला?

११ नोव्हेंबर, शनिवार

करोल बागेत सरलामावशींकडे जाऊन आले. श्रीरंगच्या आई. हार घातलेल्या फोटोकडे बघवत नाही, म्हणून मी त्यांच्याच तोंडाकडे बघत बसले. बोलता बोलता म्हणाल्या, “दसऱ्याला जयंताकडून आला तो घसा बसवूनच. म्हणाला, आई, शेवटचं गाणं झालं एकदाचं! तिसऱ्या दिवशी ताप चढला.”

झालं एकदाचं!

त्याची गाण्याची वही मागितली. तर म्हणतात, “जयंता घेऊन गेला की. वही, सीड्या, सगळंच. अल्बमला लागेल म्हणाला. गुणी आहे गं.”

गुणी!

१२ नोव्हेंबर, रविवार

सरळ विचारलं. “दसऱ्याला काय केलंत तुम्ही इथे?”

जयंत गिटारच्या तारा लावत होता. मान वर केली नाही. “काही नाही. गप्पा.”

गुरप्रीत उठून बाल्कनीत गेला. मागोमाग गेले तर म्हणतो, “छोड़ ना यार अरू. एल्बम बनने दे.” म्हणजे यालाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त मला!

मग जयंत गायला. चांगला गायला — तेच जास्त लागलं. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघं बरोबर गायचे तेव्हाही टाळ्या श्रीरंगला आणि “साथीला जयंत”. दहा वर्षं साथीला! आता माईक मोकळा झाला, तर श्रीरंगचं शेवटचं गाणं दाबून टाकायचं आणि आपलं पुढे करायचं? इतका हलका असेल तो? लिहिलं की खरं वाटायला लागतं. नाही लिहिणार.

लिहिलंच की.

१६ नोव्हेंबर

आई म्हणते, “किती वाळलीस. सोड आता ते बँडबिंड.” बाबा पेपरातून म्हणाले, “दुःखात माणसं विचित्र वागतात, बाळा.” मी म्हटलं, चोरालाही दुःख असतंच. बाबांनी पेपर खाली ठेवला. काय झालंय विचारलं. मी उठून आत गेले.

१९ नोव्हेंबर, रविवार

मिळालं!

दुपारी लाइट गेली. गाझियाबादात रोजचंच. जयंत आणि गुरप्रीत खाली जनरेटर बघायला गेले. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू, टूं टूं करत. पाच मिनिटं फार तर. जयंतच्या सगळ्या फायली उघडत गेले. तारखेवरून सापडली: २ ऑक्टोबर. दसरा! पेनड्राइव्हवर घेतली. जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी बेस पुसत बसले होते. आयुष्यात पहिली चोरी केली.

घरी येऊन दार लावलं, हेडफोन घातला. श्रीरंग. इतका जवळ, की श्वास घेतलेला ऐकू येतो. रडले. पहिलं कडवं तसंच रडत ऐकलं.

दुसऱ्या कडव्यात बेस येतो. तो माझा नाही.

मी असं वाजवत नाही. खरं म्हणजे मला येतच नाही असं — सफाईदार, गाण्याला खांद्यावर घेऊन चालणारं. दसऱ्याला माझ्या जागी कोणीतरी बसलं होतं! आणि आदल्या दिवशी जयंतचा फोन आला होता, “उद्या सुट्टी, घरी सण कर.”

तर हे होतं. गाणं नव्हतं लपवायचं, मला काढल्याचं लपवायचं होतं. गाणं संपताच हेडफोन ओढून फेकला. श्रीरंगला काय सांगून गायला लावलं असेल याने? रविवारी तोंडावर विचारणार. गुरप्रीतसमोर.

२१ नोव्हेंबर

जयंतचे दोन मिस्ड कॉल. उचलणार नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी निघण्याआधी फाइल पुन्हा लावली. गाणं संपल्यावरही ती चालू राहते, हे त्या दिवशी कळलंच नव्हतं. श्रीरंगचा आवाज: “बघ किती फरक पडला! अरूला काढायलाच हवं, जयंता. तू सांग तिला. तुझं ऐकेल.” मग जयंत: “मी नाही सांगणार. आणि ती नसेल तर मीही नाही, रंग्या.” तिथेच फाइल संपते.

गाझियाबादला गेले. पेनड्राइव्ह जयंतच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला. “तू हे ऐकायला नको होतंस गं.”

म्हटलं, आठवं गाणं असंच जाऊ दे. श्रीरंगच्या आवाजात, त्याच बेससकट. वाजवणाऱ्याचं नाव घाल.

मग बेस गळ्यात घातला. “पहिलं गाणं लाव. सातही मला पुन्हा वाजवायचीत.”