बंडीपूरचा हत्ती

के. आर. पुरम, बंगलोर
१२ जानेवारी १९९६

सौ. प्रेमास,

मी सुखरूप आहे. गुडघ्यामुळे तू आली नाहीस ते बरंच झालं. आपल्या मकरंदने हौसेने मला इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला धाडलं, तेव्हा त्याला पुढे लिहितोय त्यातलं काही कळवू नकोस.

बेलूरच्या देवळापुढे या मंडळींनी कुणाचा चिवडा चांगला यावर अर्धा तास घालवला आणि मूर्ती दहा मिनिटांत उरकल्या. बंडीपूरच्या जंगलात बसमध्ये अंताक्षरी खेळले, मग जनावरं दिसत नाहीत म्हणून ड्रायव्हरवर डाफरले. यांना बागेतला घसरगुंडीचा हत्ती पुरे.

खरा हत्ती मला एकट्यालाच दिसला. सवयीने शेजारी कोपर मारून म्हणालो, "अगं, बघ." चकली खाणारे गृहस्थ दचकले.

डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले ते खरं लिही.

दामोदर