रॅमची दुसरी पट्टी

ठमे,

तुझा कॉम्प्युटर टेबलावर उघडा आहे. त्याची वायर मी काढून ठेवली आहे, इतक्यात लावू नकोस. तुला आज फिल्म द्यायची आहे, म्हणून नवी रॅम सकाळीच बसवायला घेतली. एक पट्टी बसली. दुसरी माझ्याच्याने बसेना.

ती तू बसव. दोन्ही एकाच पाकिटातल्या, जोडीच्या आहेत. जुनी पट्टी वाया जाते म्हणून तिसरी खुपसू नकोस, वेग जाईल. पहिली दुसऱ्या स्लॉटमध्ये आहे, ही चौथ्यात घाल. मधला रिकामाच ठेवायचा. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. मग खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठे ठेव आणि एकदम दाब. खट्ट वाजलं पाहिजे. मोडेल की काय असं वाटतं, पण तेवढा जोर लागतोच.

तोच जोर आज माझ्या उजव्या अंगठ्यात आला नाही. मग हातातून कपही सुटला. काचा फ्रिजपाशी आहेत, चप्पल घालून जा.

शेजारचे काका गाडी काढतायत, हॉस्पिटलात जातोय. आईला तिथून मीच कळवतो. तू फोन करू नकोस, तुझ्या आवाजावरून ती लगेच ओळखते. फिल्म पाठव, मगच ये.

काका दारातून ओरडतायत, "अहो, चिठ्ठ्या कसल्या लिहीत बसलात, चला!"

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहिलंय.

बाबा